सर्व हक्क सत्यवतीच्या नावे

२ डिसेंबर २०१४, पवनी

रीना पुण्याहून फोनवर म्हणाली, "बाबा, तुम्ही कोणाशी बोलत नाही, तर निदान लिहीत जा." सारी नोकरी पाटबंधारे खात्यात टिपण्या लिहिण्यात गेली, त्यामुळे लिहिणे जड नाही. काय लिहावे एवढेच कळत नाही.

सत्यवती फेब्रुवारीत गेली. मी तिला बायको म्हणून ओळखत होतो. पवनी तिला कॉपी पकडणारी मॅडम म्हणून ओळखते. दहावीच्या परीक्षेत ती वर्गात शिरली की मुले आपणहून खिसे रिकामे करत. एका पुढाऱ्याच्या पुतण्याच्या बुटातून तिने भूमितीची सगळी प्रमेये बाहेर काढली होती. पुढारी घरी आला, तर त्याला चहा दिला आणि प्रमेये परत दिली नाहीत.

२२ फेब्रुवारीला पहिला स्मृतिदिन. त्या दिवशी विहाराला तिच्या नावाने काहीतरी द्यायचे आहे. माझी मोठी बहीण विमलाबाई दोन घरे पलीकडून पोळ्या करायला येते. ती म्हणाली, "पंखा देऊन टाक ना. सारेच देतात."

७ डिसेंबर

विहारात जाऊन आलो. पंखा लावायला छतच उरलेले नाही. प्रत्येक पात्यावर वारलेल्याचे नाव, कालकथित अमुक, आणि खाली देणाऱ्याचे नाव मोठ्या अक्षरात. बटण दाबले की सगळे गरगर फिरतात आणि कोणाचेच नाव वाचता येत नाही. भिंतीवरची घड्याळेही स्मरणार्थच, प्रत्येकात वेगळी वेळ. पाणी प्यायला पेला उचलला, तर तो गोमाजीच्या नावाचा निघाला. जिवंतपणी त्याने कोणाला पाणी विचारल्याचे मला आठवत नाही.

समितीचा सचिव अश्वजित म्हणाला, "काका, अभ्यासिकेत पोट्टे तलाठ्याचा, पोलीस भरतीचा अभ्यास करून राहिले. कॉम्प्युटर द्या. कॉम्प्युटरवर अजून कोनाचंच नाव नाही."

शेवटचे कारण मला पटले.

१५ डिसेंबर

बस स्टँडजवळ गोलूचे मोबाइल आणि कॉम्प्युटरचे दुकान आहे. बाहेर पाटी: मेमरी भरून मिळेल. गाणे, पिक्चर, गेम, सगळे. लोक रिकामे कार्ड आणतात आणि भरून नेतात.

मी नाव सांगताच गोलू खुर्चीवरून उठला. "सत्यवती मॅडमचे मिस्टर ना तुमी? मॅडमनं मले गणिताच्या पेपरात पुढच्याचं पाहून लिहिताना पकडलं होतं जी. वर्ष गेलं माझं. पन मंग तिनंच घरी बोलावून शिकवलं. दुसऱ्यांदा पास झालो ते माझ्या डोक्यानं झालो."

तीन कॉम्प्युटर सांगितले. तो म्हणाला, "सॉफ्टवेअरचं मनावर घेऊ नका. मॅडमच्या नावाचं काम आहे. माझ्याजवळ जे जे आहे ते सारं टाकून देतो. श्रद्धेनं टाकतो."

मी विचारले, "ते विकत घ्यावे लागते ना?"

वैनगंगेच्या काठावर उभे राहून कोणी पाण्याचा भाव विचारावा, तसा तो माझ्याकडे बघत राहिला.

२३ डिसेंबर

कॉम्प्युटर अभ्यासिकेत बसले. सुरू केले की पडद्यावर सत्यवतीचा फोटो, बाजूला कमळे आणि "कालकथित सत्यवती बाबुलाल टेंभुर्णे यांच्या स्मरणार्थ सप्रेम भेट". गोलूने यापुढेही मजल मारली आहे. म्हणाला, "टाकताना मशीन इचारते ना काका, कोनाच्या नावे म्हनून. पंख्यावर टाकतात तसंच मी मॅडमचं टाकलं." आता कोणतेही सॉफ्टवेअर उघडले की आधी एक चौकोन येतो. त्यात इंग्रजीत लिहिलेले असते की हे सॉफ्टवेअर सत्यवती बी. टेंभुर्णे यांच्या नावे आहे, सर्व हक्क राखीव.

फोटो सजवण्याचे, बंगल्याचे नकाशे काढण्याचे, सिनेमा जोडण्याचे, अशी बरीच सॉफ्टवेअर आहेत. तलाठ्याचा अभ्यास करणाऱ्याला सिनेमा कशाला जोडायचा आहे, असे विचारले. "मालूम नाही जी. पन असलेलं बरं." पोरांसाठी गेमही टाकले आहेत.

तिच्या नावे एक गुंठा जमीन घ्यायची राहून गेली होती. आज एवढे सारे झाले. बरे वाटले.

५ जानेवारी २०१५

देवाजीच्या फोटो स्टुडिओत पासपोर्ट फोटो काढायला गेलो. त्याने कॉम्प्युटर उघडला आणि चौकोनात सत्यवतीचे नाव आले. मी बघत राहिलो. देवाजी म्हणाला, "हो ना, आमच्या बी कॉम्प्युटरवर मॅडमच आहे."

त्याचा मुलगा तिच्या हाताखालून गेला असणार. लोक विसरत नाहीत. फोटोत माझे डोळे ओले आले आहेत. देवाजीने ते कॉम्प्युटरवर कोरडे करून दिले.

११ जानेवारी

दिघोरीला नात्यातल्या लग्नाला गेलो. तिथल्या ऑनलाइन फॉर्म भरण्याच्या दुकानातही तिचे नाव. परवा तहसीलसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडेही होते. विमलाबाईला सांगितले.

"बाबुलाल, सत्यवती दिघोरीले कधी शिकवाले गेलती का?"

"नाही."

"मंग?"

"माणूस चांगले असले की नाव पसरते."

तिने पोळी जरा जोरात तव्यावर टाकली.

१६ जानेवारी

हल्ली सकाळी काम नसताना बाहेर पडतो. झेरॉक्सवाल्याकडे जातो, आधार कार्डाची प्रत काढायला सांगतो आणि मशीन सुरू होईपर्यंत पडद्याकडे बघतो. नाव थोडा वेळच राहते. घरात आधार कार्डाच्या प्रतींचा गठ्ठा झाला आहे. विमलाबाईने त्यातल्या काही फडताळात अंथरल्या. डबा काढायला गेलो की खालून मीच बघत असतो.

१८ जानेवारी

आज रविवार. अभ्यासिकेत डोकावलो. मोठी मुले नव्हती. लहान पोरे दोन मशीनवर बंदुकीचा गेम खेळत होती. मी दारातच थांबलो, कारण ओरडणे ऐकू आले.

"सत्यवतीले मार बे! भिताडामागं लपली आहे!"

"थांब ना, गोळ्या भरून राहिलो."

"मार, मार! मेली! सत्यवती मेली!"

"मरू दे. एंटर दाब, पुन्हा उठते ते."

एका पोराने एंटर दाबले. मी चपला घातल्या आणि घरी आलो. जेवलो नाही. विमलाबाईने दोनदा विचारले, मी पोट दुखते म्हणालो.

१९ जानेवारी

रीनाला फोनवर सगळे सांगितले. गेमचेही, देवाजीचेही, दिघोरीचेही. ती पुण्यात सॉफ्टवेअरच्याच कंपनीत आहे.

"बाबा, ते सगळं क्रॅक केलेलं आहे. कुलूप तोडून घेतलेलं. आणि गेम खेळणाऱ्याचं नाव मशीनवरून उचलतो, म्हणून सगळी पोरं सत्यवती झाली."

"आणि देवाजी?"

"गोलूनं विहारासाठी जे तयार केलं, त्याचीच नक्कल काढून ठेवली असेल. आता येणाऱ्या प्रत्येकाच्या मशीनमध्ये तीच ओततो. नाव आपोआप सोबत जातं."

"म्हणजे तालुक्यात जेवढा चोरीचा माल आहे..."

"त्याची मालकीण आई."

देवाजीचा मुलगा सत्यवतीच्या वर्गात होता की नाही, हे मला खरे तर माहीतच नाही. मीच त्याला तिथे बसवला होता.

महिन्याभरावर स्मृतिदिन आहे. ज्या बाईने आयुष्यभर एक गोष्ट केली, तिच्या नावाने नेमकी त्याच्या उलट गोष्ट मी विहारात नेऊन ठेवली, वर फुले वाहिली. त्या दिवसाच्या आत तिचे नाव सगळीकडून निघाले पाहिजे.

२१ जानेवारी

गोलूला सांगितले तर तो खरोखर चकित झाला.

"चोरी कायची जी? ज्याचं आहे त्याच्याजवळ तर तसंच आहे ना. मी काय त्याचं उचलून आनलं?"

मी कधी वाद घालत नाही. आज म्हणालो, "गणिताच्या पेपरात पुढच्या मुलाचे पाहून लिहिलेस, तेव्हा त्याचा पेपर त्याच्याजवळच होता."

गोलूने हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. म्हणाला, "हे मॅडमच बोलली का काय?"

रीनाने फोनवरून त्याला उपाय सांगितला. ज्याला परवडते त्याने विकत घ्यावे. ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी लिनक्स नावाची फुकटची प्रणाली आहे. लिहायला, हिशेबाला, मराठी टायपिंगला, सगळ्याला फुकटची सॉफ्टवेअर आहेत. बनवणाऱ्यांनीच वाटायची परवानगी दिलेली आहे. गेमसुद्धा आहेत. मात्र ती त्यांच्या स्वतःच्या जागेवरून उतरवायची, कोणा भलत्याच्या पेनड्राइव्हमधून नाही. क्रॅकसोबत व्हायरस येतो, तो वेगळाच.

गोलूने फोन माझ्या हातात दिला आणि हळूच म्हणाला, "फुकट बी आहे, आन चोरी बी नाही? मंग यात काहीतरी खराबी असन जी."

२८ जानेवारी

गोलूच्या गाडीवर मागे बसून फिरत आहोत. ज्याच्या ज्याच्या मशीनमध्ये त्याने ओतले, त्याच्याकडे जातो. मी दाराशी उभा राहतो, तो बोलतो.

देवाजी म्हणाला, "नाव काढा ना बाप्पा, पन सॉफ्टवेअरले हात नोका लावू. लग्नसराई आहे." सगळ्यांचे तेच. नाव काढायला सारे तयार आहेत, माल काढायला एकही नाही. फुकटचे लिनक्स फक्त एका म्हातारीने घेतले. शिवणकामाच्या दुकानातल्या आनंदाबाई. त्या म्हणाल्या, "मले तर दोन्ही सारखेच समजत नाहीत. मंग चोरीचं कायले ठेवू?"

झेरॉक्सवाला तर नावही काढू देईना. "राहू द्या जी. मॅडम आल्यापासून मशीन एकदा बी अटकलं नाही."

३१ जानेवारी

झेरॉक्सवाला शेवटी तयार झाला, पण एका अटीवर. "जागा खाली नोका ठेवू. आमच्या बाबांचं नाव टाका. दिवाळीतच गेले ते."

गोलूने टाकले. ही बातमी पसरली. दिघोरीवाल्याने आजीचे नाव टाकून घेतले. देवाजीने विचारले की फोटोही येईल का. आता कॉम्प्युटर सुरू केला की दर दुकानात कोणी ना कोणी वारलेले माणूस चोरीच्या मालाची मालकी सांगत वर येते. एका चुकीचे मी किती वाटे केले ते मोजवत नाही. सत्यवतीपुरते बोलायचे तर दुकानांतून ती सुटली. बाकीच्यांच्या घरच्यांनी आपापले बघावे.

५ फेब्रुवारी

अभ्यासिकेतली तिन्ही मशीन गोलूने पुसून नवी केली. सगळे रीतसर आहे. टायपिंगचा सराव आहे, पत्ते आहेत, बुद्धिबळ आहे. एका पोराने थोडा वेळ खेळून मला विचारले, "काका, यात कोनीच मरत नाही का?"

"नाही."

"मंग मजा कायची?"

परतताना गोलू गाडी थांबवून म्हणाला, "काका, एक सांगू? राग नोका मानू. मॅडमच्या शाळेचे चाचणीचे पेपर कायवर टाइप होत होते, मालूम आहे? मराठी टायपिंगचं मॅडमनंच मागितलं होतं. मीच पेनड्राइव्हमध्ये भरून देलतं."

मी म्हणालो, हे शक्य नाही.

तो म्हणाला, "हो जी," आणि गाडी सुरू केली.

तिला ते काय आहे हे माहीत नसणार. मलाही महिन्यापूर्वी माहीत नव्हते. रीनाला हे सांगितलेले नाही. इथे का लिहिले तेही कळत नाही, पण खोडणार नाही.

१४ फेब्रुवारी

अश्वजितने प्रमुख पाहुणे ठरवले. धम्मदीप सर. त्यांचा इथेच कॉम्प्युटरचा क्लास आहे, टाय लावतात. विषय: "सॉफ्टवेअरची चोरी ओळखा आणि टाळा". अश्वजित म्हणाला, "तुमच्यावरून सुचलं काका. मॅडमले शोभेल असाच विषय आहे." पत्रिकेत सरांचे नाव सत्यवतीच्या नावापेक्षा मोठे छापले आहे.

२२ फेब्रुवारी

कार्यक्रम झाला. रीना आली होती. वंदना झाली, फोटोला हार घातला, पंखे फिरले.

धम्मदीप सर चांगले बोलतात. म्हणाले, दुसऱ्याची मेहनत फुकट वापरणे म्हणजे अदत्तादान, न दिलेले घेणे, आणि आपण तर रोज पंचशील म्हणतो. लोकांनी माना हलवल्या. देवाजी पहिल्या रांगेत होता, त्यानेही हलवली. सरांनी उपाय सांगितले. पावती घ्या. क्रॅक उतरवू नका. पैसे नसतील तर फुकटचे पण परवानगीचे वापरा. मग म्हणाले, "आता सगळ्यात सोपी ओळख. सॉफ्टवेअर उघडताना क्षणभर एक चौकोन येतो. त्यात नाव असतं. ते नाव तुमचं नसेल, तर तो माल तुमचा नाही. दाखवतोच."

त्यांनी स्वतःचा लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला आणि बटण दाबले.

विहाराच्या अख्ख्या भिंतीवर चौकोन आला. घड्याळांवरून आडवे, पुरुषभर उंच अक्षरांत: सत्यवती बी. टेंभुर्णे. सर्व हक्क राखीव.

मशीनही बहुधा जुने असावे. ते तिथेच अडकले.

अश्वजितने टाळी वाजवली. त्याला वाटले सरांनी मुद्दाम केले. त्याच्यामागून सारा विहार टाळ्या वाजवू लागला. सरांनी एकदा भिंतीकडे पाहिले, एकदा लोकांकडे, आणि फोटोसमोर हात जोडले. "मॅडमना माझी ही छोटीशी आदरांजली."

मागून गोलू माझ्या कानाशी आला. "काका, हा एक राहून गेला जी. सराचा पोरगा येऊन भरून घेऊन गेला असन."

रीना हसू दाबायला पदर शोधत होती आणि तिने ड्रेस घातला होता.

मी सत्यवतीचे नाव एवढे मोठे कधी पाहिले नव्हते. बसून राहिलो असतो तर चालले असते. लोक खूश होते, टाळ्या तिच्याच होत्या. पण अश्वजित म्हणाला, "काकांनी दोन शब्द बोलावे," आणि मी उठलो. मी कधी सभेत बोललेलो नाही.

म्हणालो, "सत्यवती असती, तर तिने सरांचा पेपर काढून घेतला असता."

आणि खाली बसलो.

मागच्या बाजूला कोणीतरी फसकन हसले. मग काही जण हसले, मग बरेच. देवाजी सगळ्यांत मोठ्याने हसत होता. सर टाय सैल करत म्हणाले की प्रश्नोत्तरे वेळेअभावी नंतर.

विमलाबाई जेवण वाढताना म्हणाली, "बोलता येते ना रे तुले. मले वाटलं तुझी मेमरी खालीच आहे."

२४ फेब्रुवारी

धम्मदीप सर सकाळी घरी आले. टाय नव्हता, बगलेत लॅपटॉप होता. बसायला सांगितले. म्हणाले, "टेंभुर्णे साहेब, ते परवानगीवालं... इथेच करून मिळेल का? दुकानात नको. क्लासची पोरं असतात तिथे."

गोलूला बोलावले. रीना अजून इथेच आहे, ती त्याच्या शेजारी बसली. गोलूने लॅपटॉप उघडला, चौकोन आला आणि परवासारखाच अडकला.

गोलू म्हणाला, "काका, मॅडमच्या नावाचं हे शेवटचंच. बाकी सगळीकडचं निघालं. पुसू ना?"

मी म्हणालो, "थांब. चहा येऊ दे."

विमलाबाईने चहा आणला. सरांनी बशीत ओतून प्यायला, गोलूने दुसऱ्यांदा मागितला. लॅपटॉप टेबलावर माझ्याकडे तोंड करून होता.

कप रिकामे झाल्यावर मी म्हणालो, "पूस."